मामाचे दुकान नसलेल्यांसाठी

प्रवेशाचे दिवस होते. विट्याजवळच्या एका गावातले गृहस्थ मुलाला घेऊन माझ्यासमोर बसले होते. तमिळनाडूतल्या एका शहरात त्यांचे गलाईचे दुकान आहे. मुलाला बारावीला बरे गुण होते. त्याने आमच्याकडे व्यवस्थापनाच्या पदवीसाठी अर्ज केला होता आणि विशेष विषय म्हणून ‘उद्योजकता आणि नवोन्मेष’ निवडला होता. वडिलांनी माहितीपत्रक दोनदा उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “सर, राग मानू नका. डॉक्टरकी कॉलेजात शिकतात, इंजिनिअरिंग शिकतात, ते कळतं. पण धंदा वर्गात बसून कसा शिकायचा? मी मामाच्या दुकानात शिकलो. पहिल्या वर्षी माझ्या हातून किती सोनं वाया गेलं, ते मामानं कधी काढलं नाही.”

सांगली जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना गलाई म्हणजे काय ते सांगायला हवे. खानापूर, आटपाडी, तासगाव हा पट्टा दुष्काळी. शेतीवर घर चालेना, तेव्हा इथली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी बाहेर पडली. जुने दागिने वितळवायचे, तेजाबाने हीण वेगळे करायचे, टंच काढायचा आणि शुद्ध धातू सराफाच्या हाती द्यायचा. केरळपासून बंगालपर्यंत, भारतातल्या कितीतरी शहरांच्या सराफकट्ट्यावर आज या तालुक्यांतला माणूस भेटतो. हा विस्तार कुठल्याही योजनेने झालेला नाही. एकजण गेला, त्याने भाच्याला नेले, भाच्याने मेहुण्याला. पोरगे पंधरा-सोळा वर्षांचे असताना दुकानात राहायला जाते. आधी झाडलोट, मग भट्टी, मग मूस धरणे, मग कसोटी. दोन-चार वर्षांनी मामाच त्याला दुसऱ्या गावात गाळा बघून देतो, पहिले भांडवल देतो, चार सराफांची ओळख करून देतो.

मी त्या गृहस्थांना तेव्हा काहीतरी उत्तर दिले. ते मला स्वतःलाच पटले नाही. हे पुस्तक लिहायला घेतले ते त्या प्रश्नापायी, आणि ही प्रस्तावना लांबली तीही त्याच प्रश्नामुळे.

मामाच्या दुकानात त्या पोराला नेमके काय मिळते ते आधी पाहू. कसब मिळते, हे उघड आहे. पण कसबाहून मोठ्या अशा तीन गोष्टी तिथे मिळतात. पहिली, चूक करायला जागा: हातून नुकसान झाले तरी पोराचे आयुष्य बरबाद होत नाही, ते नुकसान मामा सोसतो. दुसरी, गिऱ्हाईक समोर असते. रोज दिसते, घासाघीस करते, रागावते, पुन्हा येते. तिसरी, ओळख. सराफ अनोळखी पोराच्या हातात सोने देत नाही, तो ‘अमक्याचा भाचा’ म्हणून देतो. चूक सोसणारा माणूस, डोळ्यांसमोरचे गिऱ्हाईक आणि पाठीशी उभे राहणारे नाव, एवढे असले तर धंदा शिकायला पदवी लागत नाही. त्या गृहस्थांचे म्हणणे खरे होते.

मात्र माझ्या वर्गातल्या साठ मुलामुलींपैकी बहुतेकांना असा मामा नाही. कुणाचे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार, कुणाची आई अंगणवाडीत, कुणाच्या घरी दोन एकर जिरायत. घराण्यात कुणी दुकान थाटलेले नाही, कुणी कर्ज काढून ते फेडलेले नाही. विद्यापीठाच्या पदवीत हा विषय ठेवण्याचे मला पटणारे कारण एकच आहे: ज्याला मामाचे दुकान नाही, त्याला त्या दुकानात मिळते ते इथे मिळावे. पुढची सगळी प्रकरणे मी या एका मापाने मोजून लिहिली आहेत.

शब्दांबद्दल थोडे बोलायला हवे, कारण मुले इथेच अडतात. मराठीत ‘उद्योग’ हा शब्द दोन तोंडांनी बोलतो. एकीकडे उद्योगाच्या घरी लक्ष्मी पाणी भरते, दुसरीकडे ‘हे काय नसते उद्योग करून ठेवलेस?’ असे आई रागाने विचारते. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. कुणी सांगितले नसताना माणसाने आपण होऊन काहीतरी हाती घेतलेले असते. रिचर्ड कँटिलाँ या आयरिश-फ्रेंच सावकाराने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलेला आणि त्याच्या मृत्यूनंतर १७५५ साली छापला गेलेला निबंध या विषयाचा आरंभ मानतात. त्यात उद्योजकाची ओळख अशी आहे की तो ठरलेल्या भावाने माल घेतो आणि न ठरलेल्या भावाने विकतो. शेतमाल विकत घेणारा व्यापारी, खाटीक, पाणक्या, सगळे त्याने या वर्गात घातले. मला ही व्याख्या आवडते. तिच्यात कुणी थोर नाही, कुणी द्रष्टा नाही. उद्याचा भाव माहीत नसताना आजचे पैसे देणारा माणूस, एवढेच तिथे आहे, आणि असा माणूस प्रत्येक विद्यार्थ्याने आठवडी बाजारात पाहिलेला असतो.

‘इनोव्हेशन’चे मराठी करताना घोटाळा होतो. आपण पटकन ‘शोध’ म्हणतो. शोध म्हणजे आधी नसलेली वस्तू किंवा माहीत नसलेले तत्त्व हाती लागणे. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुंपीटरने १९११ च्या ग्रंथात जो विचार मांडला, तो यापेक्षा रुंद आहे. असलेल्याच गोष्टींची नवी जुळणी करणे म्हणजे नवोन्मेष, असे त्याचे म्हणणे, आणि त्याने तिचे पाच प्रकार सांगितले: नवी वस्तू, करण्याची नवी रीत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा पुरवठा आणि धंद्याची नवी रचना. हा माणूस नुसता पुस्तकी नव्हता. १९१९ मध्ये तो काही महिने ऑस्ट्रियाचा अर्थमंत्री होता, नंतर व्हिएन्नातल्या एका बँकेचा अध्यक्ष झाला आणि १९२४ च्या पडझडीत होते नव्हते ते घालवून बसला. ते कर्ज फेडायला त्याला पुढे अनेक वर्षे लागली. ‘सर्जक विध्वंस’ हा त्याचा गाजलेला शब्दप्रयोग १९४२ सालच्या पुस्तकातला आहे. जुने मोडल्याशिवाय नवे उभे राहत नाही हे लिहिणाऱ्याच्या अंगावरून मोडतोड एकदा गेलेली होती, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता आपल्या घरचे उदाहरण घेतो आणि त्यावर थोडा जास्त वेळ थांबतो.

पुणे-मिरज लोहमार्गावर किर्लोस्करवाडी नावाचे स्थानक आहे. माझे कितीतरी विद्यार्थी तिथून गाडीत चढतात. ते नाव ज्यांचे, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले. रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष निघाला, तेव्हा रंग सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलले गेले, आणि ते नोकरी सोडून बेळगावला भावाकडे परतले. तिथे भावाच्या साथीने त्यांचे सायकलींचे दुकान होते. सायकल विकायची आणि ती चालवायलाही शिकवायची. त्या दुकानातून पुढे कडबा कापायचे यंत्र आले आणि मग लोखंडी नांगर.

आज नांगराची गोष्ट सांगताना लोक ‘पहिला भारतीय लोखंडी नांगर’ एवढे सांगून पुढे जातात. माझ्या मते गोष्ट तिथे सुरू होते. नांगर तयार होता, चांगला होता, आणि तो कुणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, काळी आई नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर पडून राहिले आणि ते खपायला दोन वर्षे झुंजावे लागले. लक्ष्मणरावांच्या जागी आजचा माझा विद्यार्थी असता तर त्याने काय केले असते? नांगराला रंग दिला असता, जाहिरात केली असती, किंमत कमी केली असती. अडचण किमतीची नव्हती, रूपाचीही नव्हती, ती भीतीची होती. एक हंगाम बुडाला तर वर्षभर खायचे काय, हा प्रश्न त्या शेतकऱ्यासमोर होता. बापजाद्यांच्या लाकडी नांगराने पीक कमी येत असेल, पण काहीतरी नक्की येत होते. या माणसाला अडाणी म्हणणे सोपे आहे. वर्गात मी ते म्हणू देत नाही. तो आपल्या परीने जोखीम मोजत होता, आणि त्याचे मोजमाप बदलायला शेजाऱ्याच्या शेतात उभे राहिलेले पीकच लागते. विक्री, शेतावर जाऊन दाखवणे, फाळ झिजला की सुटा भाग मिळण्याची सोय, या सगळ्यांसकट नांगर घ्या, तरच त्याला नवोन्मेष म्हणता येईल. नुसता ओतलेला नांगर म्हणजे गोदामातले लोखंड.

पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी कुंडलजवळ माळरानाची जागा दिली, वर दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि १९१० साली त्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी राहू लागली. लक्ष्मणरावांना सराफकट्ट्यावरचा मामा नव्हता. त्यांना एक राजा भेटला. पण राजा भेटण्यावर अभ्यासक्रम बेतता येत नाही.

उद्योजकतेचा गुण जन्मजात असतो की अंगी बाणवता येतो, हा वाद जुना आहे. त्यावर भारतात झालेला एक प्रयोग आपल्याच विद्यार्थ्यांना माहीत नसतो, याचे मला वाईट वाटते. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६१ च्या ग्रंथात असे मांडले होते की काही करून दाखवण्याची ओढ, जिला ते कर्तृत्वप्रेरणा म्हणत, तीच उद्योजकतेच्या मुळाशी असते. मग त्यांनी पुढचा प्रश्न घेतला: प्रौढ माणसात ही ओढ वाढवता येते का? त्यासाठी १९६४ च्या सुमारास त्यांनी आंध्रातल्या काकीनाडा या बंदराच्या गावचे छोटे व्यापारी आणि कारखानदार निवडले. त्यांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत थोड्या दिवसांच्या शिबिराला आणले. नंतर ही माणसे गावी परतून काय करतात ते पाहिले आणि शिबिराला न आलेल्यांशी तुलना केली. शिबिराला आलेले पुढे जास्त हालचाल करताना दिसले: नवे काही सुरू करणे, पैसा गुंतवणे, माणसे कामावर घेणे. १९६९ मध्ये मॅक्लेलंड आणि डेव्हिड विंटर यांनी हे सारे ग्रंथरूपाने मांडले. त्यांच्या पद्धतीवर पुढे टीकाही झाली आणि ती मी पुस्तकात दिली आहे. तरीही त्या शिबिराचे एक फळ आजही आपल्या भोवती आहे. गुजरातमध्ये सत्तरच्या दशकात उद्योजकता विकासाचे कार्यक्रम सुरू झाले, १९८३ मध्ये अहमदाबादची उद्योजकता विकास संस्था उभी राहिली, आणि १९८८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये या विषयाचा पहिला वर्ग मायल्स मेस यांनी १९४७ च्या फेब्रुवारीत घेतला, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापलेले असते. काकीनाडाही तितक्याच ठळकपणे छापले जावे.

सिद्धान्तांपैकी एक मात्र मी या पुस्तकाच्या मध्यभागी ठेवला आहे, कारण तो मला गलाईवाल्याच्या बोलण्याला सर्वांत जवळचा वाटतो. सरस सरस्वती या भारतीय वंशाच्या संशोधिकेने कार्नेगी मेलन विद्यापीठात, हर्बर्ट सायमन यांच्यासारख्या गुरूच्या मार्गदर्शनाखाली, सत्तावीस अनुभवी उद्योजकांचा अभ्यास केला. त्या प्रत्येकासमोर एकाच काल्पनिक उत्पादनाचे प्रश्न ठेवले आणि विचार करता करता मोठ्याने बोलत राहा, असे सांगितले. २००१ मध्ये त्यांनी जो निष्कर्ष मांडला त्याने व्यवस्थापनाच्या वर्गातली घडी विस्कटली. आपण शिकवत होतो की आधी उद्दिष्ट ठरवा, बाजाराचा अंदाज बांधा, मग साधने जमवा. ही मुरलेली माणसे बहुतेक वेळा उलटी चालत होती. माझ्या हाती काय आहे, मला काय येते, मी कुणाला ओळखतो, इथून त्यांची सुरुवात होई. किती नफा होईल यापेक्षा किती गेले तर मला चालेल, हे ते आधी ठरवत. आणि ज्याने सोबत यायची तयारी दाखवली, त्याच्या येण्याने बेत बदलू देत.

‘किती गेले तर चालेल’ हे वाक्य मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो. विट्याच्या त्या मामाने कुणी न सांगता हेच गणित केले होते. भाच्याच्या हाती त्याने एकदम अर्धा किलो सोने दिले नव्हते.

हे गणित घराघरात वेगळे येते, आणि इथे पुस्तकांची पुस्तके गप्प बसतात. अपयशातून शिका, लवकर पडा, लवकर उठा, असे सहज लिहिले जाते. ज्याच्या घरी पडल्यावर उठेपर्यंत जेवण मिळते, त्याला हे लागू आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीने प्रकल्पासाठी आईच्या बचत गटातून पाच हजार रुपये आणले होते. ते बुडाले असते तर तिचे शिक्षणच थांबले असते. अपयशाची सोय केल्याशिवाय अपयशाचे गोडवे गाणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून या विषयाच्या प्रत्येक विभागाकडे छोटा का होईना पण फिरता निधी असावा, असे मी जिथे बसेन तिथे म्हणत आलो आहे. अमेरिकेतल्या बॅब्सन महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी गटाने खराखुरा धंदा चालवायचा आणि भांडवल महाविद्यालयाने कर्जाऊ द्यायचे, असा प्रघात बरीच वर्षे राहिला आहे. ती रक्कम त्या संस्थेला मोठी नसेल. तत्त्व मोठे आहे: शिकणाऱ्याच्या चुकीचा भार शिकवणारा उचलतो.

आणि बॅब्सनपर्यंत जायचीही गरज नाही. माणदेशात म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी बँक काढायचे ठरवले. पहिला अर्ज परत आला, कारण सभासद बायका निरक्षर होत्या. त्या खचल्या नाहीत. लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याजाचे हिशेब तोंडी घाला. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे त्याच म्हसवडला ग्रामीण स्त्रियांसाठी व्यवसायाची शाळा निघाली आणि बसमधून ती गावोगाव फिरू लागली. व्यवस्थापनाच्या पदवीधरांनी तिथे एक दिवस घालवावा. शेळ्या पाळणारी, बांगड्या विकणारी बाई रोजच्या रोकडीवर कशी विचार करते ते पाहावे. आपण वर्गात ज्याला ‘रोख प्रवाह’ म्हणतो तो तिच्या कनवटीला असतो.

विद्यापीठातल्या माणसाने बांधावर जाऊन केलेल्या कामाचेही उदाहरण आपल्याकडे आहे. धनंजयराव गाडगीळ हे केंब्रिजला शिकलेले अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. विठ्ठलराव विखे पाटील हे लोणीचे, फारसे शालेय शिक्षण न झालेले शेतकरी. या दोघांनी मिळून प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते. शुंपीटरच्या यादीतला पाचवा प्रकार, धंद्याची नवी रचना, शिकवताना मी दुसरे उदाहरण शोधत नाही. साखर जुनी, ऊस जुना, यंत्रेही ठाऊक असलेली. ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक, ही जुळणी नवी होती. सहकाराचे पुढे जे झाले त्यातले कडू-गोड सारे या पुस्तकात येईल. पण एक प्राध्यापक आणि एक शेतकरी एकाच टेबलाशी बसून भागभांडवलाचा हिशेब करतात, ते चित्र माझ्या मनातून जात नाही.

आता माझी स्वतःची चूक. पहिली कितीतरी वर्षे मी हा विषय कागदावर शिकवला. मुलांनी व्यवसाय-आराखडा लिहायचा, त्यात पाच वर्षांच्या विक्रीचे अंदाज घालायचे, जाड कागदावर छापून बांधून आणायचे. मी गुण द्यायचो. एका वर्षी लक्षात आले की एकाही आराखड्यात उधारी नव्हती. प्रत्येक गिऱ्हाईक माल घेताच पैसे देत होते. असा बाजार पृथ्वीवर कुठे नाही, आणि मी त्याला प्रथम श्रेणीचे गुण देत होतो.

त्यानंतर मी मुलांना तासगावच्या बेदाणा बाजारात नेऊ लागलो. बेदाणा हा आमच्या भागातला सर्वांत चांगला शिक्षक आहे. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. समजा द्राक्षाचा भाव किलोला पंचवीस रुपये धरला, तर एका किलो बेदाण्यात शंभर रुपयांचे फळच गेले. त्यावर डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट, रॅकचे भाडे, मजुरी, निवडणी, खोकी. रॅकवर माल पंधरा-एक दिवस सुकतो आणि त्या दिवसांत अवकाळी पाऊस किंवा ढगाळ हवा आली की माल काळा पडतो, भाव उतरतो. सुकलेला माल उन्हाळ्यात शीतगृहात जातो आणि सणासुदीची मागणी येईपर्यंत तिथे राहतो; भाडे चालू, व्याज चालू. शेवटी सौदा, अडत, आणि पैसे हातात पडायला आणखी काही दिवस. खेळते भांडवल म्हणजे काय हे मी फळ्यावर तीन तास समजावत असे. शीतगृहाच्या दारात उभे राहिल्यावर मुलांना ते दहा मिनिटांत कळते.

याच द्राक्षात नवोन्मेषाचाही धडा आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांच्या बागेत थॉमसन सीडलेसच्या वेलीवर निराळे, लांबट मणी दिसले. त्यांनी ती काडी वेगळी जोपासली आणि त्यातून ‘सोनाका’ हे वाण आले. निसर्गात असे बदल होतच असतात आणि बहुतेक वेळा छाटणीत निघून जातात. अर्थशास्त्रज्ञ इझ्राएल कर्झनर यांनी १९७३ मध्ये उद्योजकाचा मुख्य गुण म्हणून सावधपणा सांगितला, म्हणजे सर्वांसमोर असलेले पण कुणी न टिपलेले टिपणे. नान्नजची काडी दाखवल्यावर तो शब्द मला पुन्हा समजावावा लागत नाही.

एका वर्षी पाच जणांच्या गटाने बेदाण्याच्या छोट्या पुड्या करून विकायचे ठरवले. व्यायामशाळेत जाणारे तरुण त्या घेतील, अशी त्यांची खात्री होती. तीन आठवड्यांत सतरा पुड्या गेल्या, त्यातल्या नऊ नातेवाइकांनी घेतल्या. मग मी त्यांना विकायला मनाई केली आणि पंधरा दिवस फक्त विचारत फिरायला सांगितले. स्टीव्ह ब्लँक यांनी स्टॅनफर्डमध्ये २०११ पासून जो वर्ग चालवला, त्याचे सार हेच होते: इमारतीबाहेर पडा, लोकांशी बोला. मुले बोलली. तेव्हा कळले की लाडू-चिवडा करून विकणाऱ्या बायकांना बेदाणा हवाच आहे, पण देठ काढलेला आणि धुतलेला. देठ काढण्यात त्यांची दुपार जाते. गटाने तोच माल द्यायला सुरुवात केली आणि तो जाऊ लागला. वर्षअखेरीला थोडे पैसे उरले. ते वाटताना भांडण झाले, कारण कुणी किती काम करायचे हे लिहून ठेवले नव्हते. भागीदारीचा करार हे प्रकरण या पुस्तकात सहाव्या क्रमांकावरून दुसऱ्यावर आले ते त्या भांडणामुळे. पुढे एकजण बँकेच्या परीक्षांकडे वळला, एकीचे लग्न झाले, गट मोडला. मी त्या गटाला पूर्ण गुण दिले. धंदा रीतसर बंद करणे, देणी चुकती करणे, उरलेला माल सांगून-सवरून विकणे, हे त्यांनी नीट केले होते. शेवटचे प्रकरण त्याच कामावर आहे. या विषयाच्या पुस्तकांत ते सहसा नसते.

बाहेरची परिस्थिती आज पूर्वीपेक्षा अनुकूल आहे. १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय निघाले तेव्हा वाणिज्याचे महाविद्यालय ही दुर्मीळ गोष्ट होती. आज तालुक्याच्या गावी बीबीए आहे. २०२४ पासून या पदव्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आल्या आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. २०१९ च्या राष्ट्रीय धोरणाने विद्यार्थ्यांना शिकता शिकता कंपनी काढायची मुभा देण्यास संस्थांना सांगितले. मुंबईच्या आयआयटीतल्या केंद्रात वाढलेली, माजी विद्यार्थ्यांनी काढलेली ड्रोनची कंपनी २०२३ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. हे सारे चांगले आहे. पण पाटी लावलेली बंद खोली म्हणजे उद्योजकता कक्ष नव्हे, हे मी अनेक ठिकाणी पाहिल्यामुळे लिहितो. तिथे गिऱ्हाईक येत नसेल, चुकीपायी गेलेले पैसे कुणी भरत नसेल आणि सराफकट्ट्यावर, मोंढ्यात, औद्योगिक वसाहतीत मुलाच्या नावामागे कुणी आपले नाव जोडत नसेल, तर तिथे खुर्च्यांशिवाय काही नाही. ओळख देणे हे शिक्षकाचे काम आहे. ‘हा माझा विद्यार्थी, याला महिनाभर उधारीवर माल द्या, मी आहे,’ असे मी आजवर तेरा वेळा म्हटले. दोनदा मला पैसे भरावे लागले.

पुस्तक कसे वाचावे याबद्दल थोडेसे. प्रत्येक प्रकरणाच्या आधी एक बाहेरचे काम दिले आहे. ते केल्याशिवाय प्रकरण वाचू नये. हिशेबाची प्रकरणे कल्पनेच्या प्रकरणांआधी येतात, यावर काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला आणि मी तो क्रम तसाच ठेवला. कीर्द लिहिता येत नसलेल्या मुलाला नवी कल्पना सुचवायला लावणे मला जमत नाही. पेटंट, भौगोलिक मानांकन, कंपनीची नोंदणी यांची माहिती शेवटी परिशिष्टात आहे, कारण ती बदलत राहते.

ज्या अडत्यांनी, शीतगृहवाल्यांनी, लाडू करणाऱ्या बायकांनी माझ्या विद्यार्थ्यांना दारातून परत पाठवले नाही, त्यांचे हे पुस्तक ऋणी आहे. आणि त्या गलाईवाल्या गृहस्थांचेही. मुलाला त्यांनी प्रवेश घेऊ दिला होता. तिसऱ्या वर्षी दिवाळीला ते गावी आले, तेव्हा सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना वर्गात बोलावले. त्यांनी खिशातून कसोटीचा दगड काढून तो बाकांवरून फिरवला आणि उधारी कुणाला द्यायची, कुणाला नाही, यावर तासभर बोलले. चौथ्या प्रकरणात ते सारे आले आहे. शेवटी प्रश्न विचारा म्हटले तर मुले गप्प. मागच्या बाकावरून त्यांचा स्वतःचाच मुलगा उठला आणि त्याने विचारले, “मामाआजोबांच्या दुकानात पहिल्या वर्षी तुमच्या हातून नक्की किती गेलं होतं?”

ते थोडा वेळ दगडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “साडेतीन ग्रॅम.”

सांगली
दिवाळी पाडवा